तंत्रज्ञान आणि सामाजिक न्याय अभ्यासगट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या विद्यापीठात किंवा महाविद्यालयात या विषयावर आंतरविद्याशाखीय गट उभा करू पाहणाऱ्या प्राध्यापकांसाठी, संशोधक विद्यार्थ्यांसाठी आणि अशा गटासोबत काम करणाऱ्या संघटनांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. उदाहरणे मुख्यतः रेशनची घेतली आहेत. रेशन दुकानातले ठसा घेणारे मशीन जवळपास प्रत्येक गावात पोचले आहे आणि ते चुकले तर त्याच दिवशी घरातल्या चुलीवर परिणाम होतो.

असा गट नेमका कशाचा अभ्यास करतो?

एखादी यंत्रणा कागदावर सगळ्यांसाठी सारखी असते. प्रत्यक्षात ती कोणाचे काम सोपे करते, कोणाला रिकाम्या हाताने परत पाठवते आणि का, हे शोधणे हे गटाचे काम. विषयांची वानवा नाही. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, पण बटईने जमीन कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, त्यामुळे पीक त्याचे असले तरी नोंद मालकाच्या खात्यावर होते. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी सक्तीची झाली. डोंगराळ भागात फोटो अपलोड झाला नाही तर काम करूनही मजुरी अडकते. लाडकी बहीण योजनेच्या २०२५ मधल्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला आणि विधवा, परित्यक्ता, एकट्या राहणाऱ्या स्त्रियांची पंचाईत झाली.

या तिन्ही ठिकाणी बिघाड एकट्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. जमिनीची मालकी, नेटवर्कचे जाळे, कुटुंबप्रमुख कोणाला मानायचे याची समजूत, हे सगळे अर्जाच्या एका रकान्यात येऊन बसलेले असते. म्हणून एका विद्याशाखेला हे झेपत नाही.

गटात कोणकोण हवे?

किमान चार प्रकारची माणसे. यंत्रणा आतून कशी चालते हे वाचू शकणारा संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक. नमुना कसा निवडायचा आणि आकड्यातून काय म्हणता येते, काय म्हणता येत नाही हे सांगणारा संख्याशास्त्रज्ञ किंवा अर्थशास्त्रज्ञ. वस्तीत बसून ऐकण्याचे प्रशिक्षण असलेला समाजशास्त्र किंवा समाजकार्याचा माणूस. आणि कायदा जाणणारा. पाचवा सदस्य विद्यापीठाबाहेरचा असावा: रेशन कृती समिती, कामगार संघटना, एकल महिलांची संघटना यांतला कोणी, आणि तोही प्रश्न ठरवण्याच्या पहिल्या बैठकीपासून. प्रश्नावली छापून झाल्यावर त्याला बोलावले तर तो फक्त वस्तीत ओळख करून देणारा मध्यस्थ उरतो.

बहुतेक गट फसतात ते कामाच्या वाटणीत. ‘तांत्रिक भाग तुमचा, सामाजिक भाग आमचा’ असे ठरले की दोन वेगळे अहवाल तयार होतात आणि मध्ये फक्त पिन लागते. यावर उपाय साधा आहे. इंजिनिअरने किमान दोन दिवस रेशन दुकानात बसायचे आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने मशीनवरचे संदेश एकेक करून उतरवून त्यांचे अर्थ समजून घ्यायचे. यातून सूट कोणालाही देऊ नये, विभागप्रमुखांनाही नाही.

आम्हाला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि समाज’ असा मोठा विषय घ्यायचा आहे. चालेल का?

शीर्षकासाठी चालेल, कामासाठी नाही. एक यंत्रणा, एक तालुका आणि एक निर्णय निवडा: धान्य मिळणे किंवा न मिळणे, हजेरी लागणे किंवा न लागणे, अर्ज मंजूर होणे किंवा बाद होणे. निर्णय नेमका असला की त्याची मोजणी होते. मोठ्या विषयावरचे प्रबंध पुष्कळ आहेत. तहसीलदारासमोर ठेवता येईल असा एका तालुक्याचा भक्कम हिशेब क्वचित सापडतो.

रेशनच्या मशीनचा अभ्यास करायचा तर काय काय तपासायचे?

‘थंब लागत नाही’ हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येते. त्यामागे निदान पाच वेगवेगळे बिघाड असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. ते एकत्र मोजले तर अहवाल वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

पहिला बिघाड नोंदीचा. शिधापत्रिकेवर नाव आहे, पण त्या नावापुढे आधार जोडलेला नाही किंवा दुसऱ्याच कोणाचा जोडला गेला आहे. दुसरा विजेचा: मशीनची बॅटरी उतरलेली. तिसरा नेटवर्कचा: दुकानात एका कंपनीचे सिम चालते, दुसऱ्या कंपनीचे चालत नाही, आणि दुकानदार मशीन घेऊन ओट्यावर किंवा गच्चीवर जातो. चौथा सर्व्हरचा: महिन्याच्या ठरावीक दिवसांत सगळीकडे एकदम गर्दी झाली की उत्तर येईपर्यंत वेळ संपतो. पाचवा खुद्द ठशाचा.

ठशाचा बिघाड आणि नोंदीचा बिघाड वेगळे ओळखायला मशीनवर येणारा क्रमांक उपयोगी पडतो. आधार पडताळणीत ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे आधारधारकाचे बायोमेट्रिक लॉक आहे. ८११ म्हणजे केंद्रीय नोंदीत ठसेच नाहीत. ९९८ म्हणजे आधार क्रमांक चुकीचा आहे किंवा सापडत नाही. ३०० आला तर दुसरे बोट, डोळ्यांची पडताळणी किंवा ओटीपी हे मार्ग उरतात. ९९८ आला तर दहाही बोटे लावून काही होणार नाही, तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन नोंद दुरुस्त करावी लागते. ज्या बाईला ९९८ आला तिला ‘हात धुऊन या’ म्हणून चार वेळा परत पाठवले जात असेल, तर अडचण माहितीची आहे. मशीनला लावायच्या एका छापील तक्त्याने तिचे काम होईल.

ठसे कोणाचे उमटत नाहीत याला काही नियम आहे. वीटभट्टी, बांधकाम, ऊसतोड, भांडी घासणे, कातडीकाम यांत बोटांवरच्या रेषा झिजतात. सिमेंट आणि चुन्याने कातडी सोलते. वयानुसार कातडी कोरडी पडते. म्हणजे अंगमेहनतीवर जगणाऱ्यालाच मशीन अधिक वेळा नाकारते, आणि धान्याची गरजही त्यालाच जास्त असते. याशिवाय मुलांचे बायोमेट्रिक ५ व्या आणि १५ व्या वर्षी अद्ययावत करावे लागते. ते राहून गेले की घरात ठसा देऊ शकणारी माणसे आणखी कमी होतात.

पण सरकारी संकेतस्थळावर दुकानवार व्यवहार दिसतात. मग वस्तीत जायची गरज काय?

ती आकडेवारी वापराच. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम २७ नुसार रेशन वितरणाच्या नोंदी सार्वजनिक असल्या पाहिजेत आणि शिधापत्रिकेच्या बारा अंकी क्रमांकावरून महिन्याची उचल पाहता येते. पण भागाकार करताना खाली काय घेतले आहे ते आधी बघा. समजावण्यासाठी एक काल्पनिक दुकान घेऊ.

दुकानात ५०० कार्डे आहेत. ४७० कुटुंबांचा ठसा पहिल्याच वेळी जुळतो. २० कुटुंबांचा दोनदा चुकतो आणि तिसऱ्या वेळी घरातल्या दुसऱ्या कोणाचा लागतो. १० कुटुंबे तीनदा प्रयत्न करून रिकामी पिशवी घेऊन घरी जातात. एकूण प्रयत्न झाले ४७० अधिक ६० अधिक ३०, म्हणजे ५६०. यशस्वी ४९०. प्रयत्नांवर यशाचे प्रमाण ८७.५ टक्के, कुटुंबांवर ९८ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. ज्याला यंत्रणा वाईट दाखवायची तो पहिला घेईल, ज्याला चांगली दाखवायची तो दुसरा. तुम्ही दोन्ही द्या आणि खाली काय घेतले ते स्पष्ट लिहा.

आता पुढचा महिना. त्या १० पैकी ४ कुटुंबे कंटाळून दुकानात आलीच नाहीत. प्रयत्न ५४८ झाले, यशस्वी तेवढेच, ४९०. प्रमाण चढून ८९.४ टक्के झाले. चार घरांनी आशा सोडली आणि आलेख सुधारला! मशीनच्या नोंदीत न आलेला माणूस कधीच दिसत नाही. त्याला शोधायला घरीच जावे लागते.

‘एका वेळी १० टक्के चुकते, म्हणजे तीन वेळा प्रयत्न केल्यास हजारात एकच राहील’ हा हिशेबही नेहमी मांडला जातो. प्रत्येक प्रयत्न आधीच्या प्रयत्नापासून स्वतंत्र असेल तरच तो बरोबर ठरतो. झिजलेले बोट पाच मिनिटांनी उगवून येत नाही. ज्याचे आज चुकले त्याचेच पुढच्या महिन्यात चुकण्याची शक्यता जास्त, म्हणून तेच कुटुंब किमान तीन महिने सलग पाहावे.

नमुना किती घ्यायचा आणि कसा?

वगळल्या गेलेल्यांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास असेल असे धरले आणि ते दोन टक्के मागेपुढे इतक्या अचूकतेने, ९५ टक्के विश्वासपातळीवर (म्हणजे शंभरपैकी ९५ वेळा बरोबर ठरेल अशा खात्रीने) मोजायचे असेल, तर साध्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या नमुन्यात सुमारे ४५६ कुटुंबे लागतात. पण आपण दुकानवार निवड करतो आणि एका दुकानातली कुटुंबे एकमेकांसारखी असतात: तेच नेटवर्क, तोच दुकानदार. म्हणून संख्या दुप्पट धरा, साधारण ९१२. दर दुकानात २० कुटुंबे म्हटले तर ४६ दुकाने. पाच दुकानांत दोनशे-दोनशे कुटुंबे घेऊन आकडा गाठणे सोयीचे असते, पण त्यातून तालुक्याबद्दल फारसे काही म्हणता येत नाही.

कुटुंबे दुकानाच्या कार्डयादीतून निवडा, रांगेतून कधीही नाही. रांगेत उभा आहे तो अजून आशा धरून आहे. ज्याने येणे सोडले तो तिथे भेटणार नाही. घराला कुलूप दिसले तर शेजारचे घर घेऊ नका. वेगवेगळ्या वेळी तीनदा जा आणि तरीही कोणी भेटले नाही तर ‘स्थलांतरित’ किंवा ‘भेट नाही’ अशी नोंद करा. सर्वेक्षक थकले की कुलूपबंद घर सोडून उघड्या दारात शिरतात, आणि ज्यांचा अभ्यास करायचा तीच माणसे यादीतून गळतात.

ऊसतोड मजुरांसारखी स्थलांतर करणारी कुटुंबे कशी गाठायची?

वेळापत्रक त्यांच्या हंगामावर बेता, सत्रपरीक्षांवर नाही. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतले तोडकामगार साधारण दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. डिसेंबरात गावात गेलात तर म्हातारी माणसे आणि शाळेपायी मागे ठेवलेली मुले भेटतील. एक फेरी जून-जुलैत गावी, दुसरी जानेवारीत कारखान्याच्या हद्दीत, जिथे टोळीच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडतात तिथे. उसाच्या फडात जाऊन मुलाखत घेऊ नका. कोयता थांबला की तोड कमी भरते आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते. ट्रॅक्टर किंवा बैलगाडी रिकामी होऊन संध्याकाळी कोपीवर परतल्यावर वेळ विचारून घ्या, आणि मुकादम समोर असताना उचलीबद्दल प्रश्न टाळा.

एक देश एक रेशन कार्ड योजनेत कुठल्याही दुकानातून आपल्या वाट्याचे धान्य घेता येते. इथे तपासायचे ते असे: कारखान्याजवळच्या दुकानात त्या महिन्यात जादा धान्य आले का, दुकानदाराने बाहेरच्या कार्डाला नाही म्हटले का, आणि गावाकडे राहिलेल्या आजीने सगळ्या कुटुंबाचे धान्य आधीच उचलले होते का. तिसऱ्या कारणात कोणाचा दोष नसतो, पण कोपीवर धान्य नसते हे खरेच.

प्रश्नावलीत कुठे चुकते?

‘तुम्हाला रेशन मिळते का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. उत्तर ‘हो, मिळते की’ असे येते. मागच्या महिन्यात दुकानात किती फेऱ्या झाल्या, कोणी ठसा दिला, किती किलो गहू, किती तांदूळ मिळाले, पावती मिळाली का, त्या दिवसाची मजुरी बुडाली का, असे विचारा. प्राधान्य कुटुंबाला दरडोई ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो हा हक्क आहे आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. कार्डावरची माणसे आणि मिळालेले किलो शेजारी लिहिले की फरक तिथेच दिसतो.

वजनाचा भाग विसरू नका. ठसा घेण्याने माणूस खरा आहे एवढेच कळते. पावतीवर २५ किलो आणि पिशवीत २२ किलो ही लबाडी कुठलेही बायोमेट्रिक पकडत नाही. सोबत एक साधा स्प्रिंगकाटा ठेवा आणि कुटुंबाची परवानगी घेऊन त्याच दिवशीची पिशवी जोखा. यंत्रणेने कोणता रोग बरा केला आणि कोणत्या रोगाला हातच लावला नाही, हे एवढ्या साध्या मोजणीतून कळते.

मोबाईलवर माहिती भरण्यासाठी ओडीके किंवा कोबो टूलबॉक्स पुरेसे आहे. दोन्ही मोफत मिळतात आणि नेटवर्क नसतानाही चालतात. घराचे अचूक जीपीएस ठिकाण आपोआप नोंदवणारी सोय मात्र बंद करा. ‘या घराने तक्रार केली’ हे नकाशावर दिसणे त्या घराला महागात पडू शकते.

संमती कशी घ्यायची? अंगठा चालेल का?

कायद्याने अंगठ्याचा ठसा चालतो, पण आमच्या मते या विषयात तो टाळावा. ज्या बाईला अंगठ्यावरून धान्य नाकारले गेले तिच्यासमोर शाईचा पॅड ठेवला की हेही कुठलेतरी पडताळणीचेच काम आहे असे तिला वाटते. तोंडी संमती घ्या, ती तिच्या परवानगीने रेकॉर्ड करा आणि घराबाहेरचा एक साक्षीदार ठेवा. संमतीपत्र वाचून दाखवायला तीन मिनिटांहून जास्त लागत असतील तर ते पुन्हा लिहा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, नंदुरबारमध्ये भिली बोलणारा साथीदार लागतोच. प्रमाण मराठीत वाचून दाखवलेल्या मजकुराला मान हलली म्हणजे संमती मिळाली असे नाही.

एक वाक्य स्पष्ट उच्चारायचे: ‘आमच्याशी बोललात म्हणून कार्ड चालू होणार नाही, आणि नाही बोललात तर बंदही होणार नाही.’ हे न सांगितल्यास बहुतेकजण तुम्हाला सरकारी तपासणीस समजतात आणि तसेच उत्तर देतात. आधार क्रमांक कुठेही लिहून घेऊ नका, शेवटचे चार अंकसुद्धा नाहीत. अभ्यासाला त्याची गरज नसते.

विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी कामाआधी घ्यावी लागते. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात ग्रामसभेसमोर अभ्यास मांडून तिची संमती घ्या आणि ठराव फाइलला लावा.

जमा झालेली माहिती कशी ठेवायची?

नावे आणि उत्तरे वेगळ्या फायलींत, दोन्हींत फक्त एक सांकेतिक क्रमांक. नावांची फाइल कुलूपबंद, दोघांनाच उघडता येणारी. सर्वेक्षकांच्या वैयक्तिक व्हॉट्सॲपवर कार्डांचे फोटो फिरणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. पहिल्याच प्रशिक्षणात त्यावर बंदी घाला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये संशोधनाला सवलत आहे, पण ती माहिती वापरून त्या व्यक्तीबाबत कोणताही निर्णय घेतला जाणार नाही, अशी अट आहे. म्हणून पुरवठा विभागाने तुमची कच्ची यादी मागितली तर देता येणार नाही. दुकानवार बेरीज द्या.

माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहावा म्हणजे तो फेटाळला जाणार नाही?

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. नमुना ‘जोडपत्र अ’, फी १० रुपये; कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो. छायाप्रतीचे पानाला २ रुपये. उत्तराला ३० दिवस. न आल्यास किंवा समाधान न झाल्यास ३० दिवसांत प्रथम अपील, फी २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील.

‘वगळलेल्या लाभार्थ्यांची माहिती द्या’ असे लिहिले तर ‘अशी माहिती ठेवली जात नाही’ हे उत्तर ठरलेले. कार्यालयात जो कागद असतो त्याचे नाव घेऊन मागा: अमुक तालुक्यातल्या प्रत्येक रास्त भाव दुकानात अमुक ते अमुक महिन्यांत ठशाशिवाय, अपवाद नोंदवहीवरून (ठसा न जुळताही दिलेल्या धान्याची नोंद ठेवायची वही) किती कार्डांना धान्य दिले, दुकानवार संख्या. नावे मागू नका. माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलमही बदलले आहे, त्यामुळे नावांचा अर्ज अडण्याची शक्यता वाढली आहे. संख्या मात्र द्यावीच लागते. आणि अर्जाआधी एकदा कार्यालयात जाऊन नोंदवह्यांची पाहणी मागा. पहिला तास विनाशुल्क असतो आणि कोणता कागद कुठल्या नावाने ठेवला जातो हे तिथेच कळते.

दुकानदार आणि अधिकारी बोलतील का?

बोलतात, त्यांची बाजू खरोखर विचारली तर. दुकानदाराला क्विंटलमागे कमिशन मिळते. मशीन अडले की शिव्या त्याला आणि दुरुस्तीची वाट पाहायची तीही त्यानेच. ठसा लागत नसताना धान्य दिले तर चौकशीत हिशेब आपल्याच अंगावर येईल, या भीतीने तो अपवाद नोंदवही वापरत नाही. आधार कायद्याच्या कलम ७ मध्ये आधार क्रमांक मिळाला नसेल तर ओळखीचे पर्यायी साधन देण्याची तरतूद आहे. ठसा न जुळल्यास लाभ नाकारू नये, अपवादाची नोंद ठेवावी, असे आधार प्राधिकरणाचे २४ ऑक्टोबर २०१७ चे परिपत्रक आहे. पडताळणी चुकली म्हणून हक्क हिरावला जाऊ नये, ही चिंता सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालातही घेतली. एवढे सगळे असूनही नोंदवही कोरी का राहते, हा आमच्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मशीनमध्ये सापडत नाही. चूक झाली तर जबाबदारी कोणावर येते, या हिशेबात ते सापडते.

सफाई कामगारांवर काम करायचे असेल तर?

दोन वेगळे विषय आहेत. एक यंत्रांचा. हाताने मैला साफ करण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे; गटारात मृत्यू झाल्यास वारसांना १० लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरी माणसे उतरतात. तपासा: सक्शन गाडी त्या गल्लीत शिरते का, पाइप किती मीटर पोचतो, गॅस मोजणारे यंत्र चार्ज केलेले असते की कपाटात. गटारातला हायड्रोजन सल्फाइड वायू १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की नाकाची वास घेण्याची ताकदच बधिर होते. ‘वास येत नाही, उतर’ हा सल्ला म्हणूनच जीव घेतो. यंत्र आल्यावर ते चालवायला कोणाला ठेवले, जुन्या कामगाराला की बाहेरच्या कंत्राटी ऑपरेटरला, हेही लिहा.

दुसरा विषय मनगटावरच्या जीपीएस घड्याळांचा. नागपूरसह काही महापालिकांनी ती दिली. दाट वस्तीत इमारतींमुळे जीपीएसचा ठावठिकाणा काही मीटर, कधी दहा-वीस मीटर किंवा त्याहूनही जास्त सरकतो. बीटची (कामगाराला नेमून दिलेल्या भागाची) हद्द नकाशावर घट्ट आखली असेल तर जागेवर उभी असलेली बाई ‘बाहेर’ दिसते. बीटमध्ये स्वच्छतागृह नसेल तर तिला बाहेर जावेच लागते. एकाच महिन्याची घड्याळाची नोंद आणि पगारपत्रक शेजारी ठेवा, कपात कोणत्या दिवशी झाली ते जुळवा. बाकी काही नाही केले तरी एवढे कराच.

मराठी बोलणारी एआय साधने आमच्या कक्षेत येतात का?

येतात, कारण हेल्पलाइन आणि तक्रार नोंदणी आवाजावर जाऊ लागली आहे. चाचणी सोपी आहे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी आणि पुणेरी वळणाचे प्रत्येकी किमान २० बोलणारे घ्या, निम्म्या स्त्रिया, वय मिसळलेले. वाचून दाखवायला देऊ नका, रेशनची तक्रार आपल्या शब्दांत सांगायला सांगा. चुकलेले, गळलेले आणि घुसलेले शब्द मिळवून मूळ शब्दसंख्येने भागा, म्हणजे शब्दचुकीचा दर निघतो. मूळ मजकूर जसा बोलला तसा उतरवा: ‘मले भेटलं नाही’ हे ‘मला मिळाले नाही’ असे सुधारून उतरवले की मोजमापच बिघडते. गटागटातला फरक सांगा, एकूण सरासरी एकटी सांगू नका.

विद्यार्थ्यांना यात श्रेयांक मिळतात का? मोबदला द्यावा का?

नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक आहेत, त्यात हे काम बसते. प्रवास, जेवण आणि मोबाईल डेटाचा खर्च तरीही गटाने द्यावा; नाहीतर ज्यांना घरून पैसे मिळतात तेच विद्यार्थी टिकतात आणि वस्तीची भाषा जाणणारे गळतात. मुलाखत देणाऱ्याचा अर्धा दिवस गेला तर अर्ध्या दिवसाची मजुरी द्या. तासाभराच्या बोलण्याला पैसे न दिले तरी चालेल, पण नियम सगळ्या घरांना सारखा ठेवा, नाहीतर गल्लीत भांडणे लागतात.

कंपनीचा निधी घ्यावा का?

ज्या कंपनीच्या यंत्रणेचा अभ्यास आहे तिच्याकडून नाही. इतरांकडून घेताना निष्कर्ष प्रसिद्ध करण्याआधी देणगीदाराची मंजुरी लागणार नाही, ही अट करारात लेखी हवी.

निष्कर्ष कोणाला द्यायचे?

इंग्रजी नियतकालिकात लेख येईपर्यंत दीड-दोन वर्षे जातात. तोवर तीन कागद मराठीत तयार करा. गावासाठी दोन पानांचा, मोठ्या अक्षरांत, ग्रामसभेत वाचून दाखवायचा. तहसीलदार आणि जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांसाठी दुकानवार तक्ता: कुठे नेटवर्क, कुठे नोंद, कुठे ठसे. अन्न सुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी (कलम १५), राज्य अन्न आयोग (कलम १६), सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांसमोर होणारी तपासणी (कलम २८) आणि दक्षता समित्या (कलम २९) आहेत. त्यांच्यासाठी कलमांचा उल्लेख असलेला तिसरा. आधी गावात वाचा, मग कार्यालयात द्या. गावातली माणसे चुका लगेच दाखवतात आणि त्या कार्यालयात दाखवल्या जाण्यापेक्षा तिथे दिसलेल्या बऱ्या.

अभ्यास चालू असताना एखाद्या घरात धान्यच नाही असे दिसले, तर मदत करावी की ‘संशोधनात ढवळाढवळ नको’ म्हणून थांबावे?

मदत करावी. त्या दिवशीची नोंद आधी पूर्ण करा, मग कुटुंबाच्या संमतीने दुकानदाराशी बोला, अपवाद नोंदवहीतून धान्य मागा, नाही दिले तर पुरवठा निरीक्षकाकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. पुढच्या महिन्यांच्या विश्लेषणात हे कुटुंब ‘गटाने हस्तक्षेप केला’ अशा खुणेसह वेगळे ठेवा. हस्तक्षेपापर्यंतची त्याची माहिती मोजणीत धरा, नंतरची धरू नका. आणि तक्रारीला काय उत्तर आले, किती दिवसांनी आले, कोणाच्या सहीने आले, हे तारखांसह उतरवून ठेवा. यंत्रणा दुरुस्त व्हायला किती वेळ लागतो, याची तीच सर्वांत खात्रीची मोजणी ठरते.